फोरम नाटक: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

शाळा, वसतिगृहं, वस्त्या, बचत गट आणि एकदा तर चक्क सोसायटीची वार्षिक सभा, अशा ठिकाणी आमचा छोटा गट फोरम नाटकाचे खेळ करतो. जात, अपंगत्व, भाषा, बाई-पुरुष अशा फरकांवरून माणसं एकमेकांना कशी बाजूला सारतात, हा या खेळांचा विषय. शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, पालक आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातली माणसं आम्हाला फोन करतात, मेसेज पाठवतात. त्यांचे बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. फोरम नाटक म्हणजे पथनाट्यच ना?

नाही. पथनाट्यात आपण सांगतो आणि लोक ऐकतात. शेवटी घोषणा होते, टाळ्या पडतात, लोक घरी जातात. फोरम नाटकात पंधरा-वीस मिनिटांचा प्रवेश असतो आणि तो मुद्दाम वाईट ठिकाणी संपतो: ज्याच्यावर अन्याय होतो तो हरतो. मग तोच प्रवेश पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून उठू शकतं आणि हरणाऱ्या पात्राच्या जागी उभं राहून वेगळं काही करून बघू शकतं. सल्ला बसल्या जागेवरून द्यायचा नाही, एवढा एकच कडक नियम. ‘तिने पोलिसात जायला हवं होतं’ असं कुणी म्हणालं की आमचं उत्तर ठरलेलं असतं: ‘या, जाऊन दाखवा.’

२. हे आलं कुठून?

ब्राझीलमधून. आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) हा साओ पावलोच्या अरेना थिएटरचा दिग्दर्शक. त्याने स्वतः सांगितलेला एक किस्सा आम्ही प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्यांपुढे त्याच्या मंडळींनी जमिनीसाठी रक्त सांडण्याचं आवाहन करणारं नाटक केलं. नाटक संपल्यावर व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून पुढे आला. म्हणाला, बंदुका घेऊन आमच्याबरोबर चला, आपण मिळून जमीन परत घेऊ. नटांना सांगावं लागलं की या बंदुका नाटकातल्या आहेत, खोट्या. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते या. तेही जमणार नाही म्हटल्यावर शेतकऱ्याला कळलं की रक्त त्याचंच सांडायचं आहे. आपण ज्या जोखमीला तयार नाही तिचा उपदेश दुसऱ्याला करायचा नाही, हे बोआल तिथे शिकला.

१९७१ मध्ये लष्करी राजवटीने त्याला पकडलं, छळ केला. सुटल्यावर तो देशाबाहेर गेला. १९७३ मध्ये पेरूत साक्षरता मोहिमेत काम करताना पुढची पायरी सापडली. नवऱ्याने फसवलेल्या बाईचा प्रवेश चालला होता. नट प्रेक्षकांच्या सूचना करून दाखवत होते. एक धिप्पाड बाई सांगत होती की नवऱ्याशी ‘स्पष्ट बोलायला’ हवं. नटीने तीन-चार तऱ्हांनी बोलून दाखवलं, पण बाईचं समाधान होईना. शेवटी बोआल म्हणाला, तुम्हीच या आणि करून दाखवा. बाईने झाडू उचलला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला झोडपलं. ‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे तिच्या लेखी काय, ते तेव्हा सगळ्यांना समजलं. दुसऱ्याच्या मनातलं त्याच्या वतीने आपण सांगू शकतो, हा समज त्या झाडूने मोडला.

३. मग हे परदेशीच झालं. आपल्याकडे असं काही नव्हतं का?

हुबेहूब असं नव्हतं, पण अगदी परकंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरीब कुणबी जोडप्याला लुबाडणारा जोशी आणि मध्येमध्ये येऊन घडणाऱ्या गोष्टीवर भाष्य करणारा विदूषक त्यात आहे. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारलं नाही. फोरम नाटकात प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्याला बोआलने ‘जोकर’ म्हटलं आहे. तो आणि फुल्यांचा विदूषक एका पंगतीत बसू शकतात. त्यानंतर गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. २०१२ च्या सुमारास गो. पु. देशपांडे यांचं फुल्यांवरचं नाटक ‘सत्यशोधक’ अतुल पेठे यांनी पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. फुले ज्यांच्यासाठी लढले, तेच रंगमंचावर, अशी ती गोष्ट होती.

भारतात नेमकं बोआलच्या पद्धतीचं काम बघायचं असेल तर पश्चिम बंगालची ‘जन संस्कृती’ बघा. संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये सुंदरबनच्या गावांतून ती सुरू केली.

४. प्रत्यक्ष खेळ कसा चालतो? एखादा प्रवेश सांगाल का?

आमचा सगळ्यात जास्त वेळा झालेला प्रवेश ‘खोली भाड्याने’ हा. मनीषा शहरात नव्याने नोकरीला लागली आहे. एजंट तिला खोली दाखवायला आणतो. घरमालकीण काकू अगदी प्रेमळ, चहा ठेवतात. मग विचारतात, ‘आडनाव काय म्हणालीस?’ मनीषा सांगते. ‘हो गं, पण म्हणजे मूळचे कुठले?’ ती गाव सांगते. ‘घरात मटण-मासे होतात का?’ काकू एकदाही जात विचारत नाहीत. मग त्यांचा मोबाइल वाजतो, त्या आत जातात आणि बाहेर येऊन म्हणतात, ‘अगं, ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय म्हणे.’ एजंट घड्याळ बघतो. चहा तसाच राहतो. प्रवेश संपला.

आता दुसरी फेरी. पहिला उठतो तो बहुतेक कॉलेजचा मुलगा. तो मनीषाच्या जागी येतो आणि खोटं आडनाव सांगतो. खोली मिळते! लोक हसतात, टाळ्याही देतात. जोकर विचारतो, ‘आधार कार्डची झेरॉक्स द्यायची आहे, ती कधी देणार?’ हशा थांबतो. मग कुणीतरी काकूंना कायदा सांगतं. काकू म्हणतात, ‘घर माझं आहे बाई.’ एकदा बचत गटातल्या एक ताई आल्या. बसल्या बसल्या त्यांनी आगाऊ रकमेचं पाकीट चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि पावती मागितली. आडनावाचा प्रश्न आला तेव्हा काकूंचा हात पाकिटावर होता. काकूंचं काम करणारी आमची मुलगी क्षणभर गडबडली, आणि ते बरंच झालं.

एका वसतिगृहातल्या मुलीने मात्र काकूंकडे पाहिलंही नाही. ती एजंटकडे वळली: ‘दादा, सकाळी फोनवर खोली रिकामी आहे म्हणालात ना? आता बोला की.’ एजंट झालेल्या आमच्या मित्राकडे उत्तर नव्हतं. तोवर त्याला वाटत होतं की या प्रवेशात आपल्याला कामच नाही. पुढचा अर्धा तास सगळी चर्चा एजंटवर झाली. सभागृहातले बहुतेक जण कधी ना कधी एजंटच्याच खुर्चीत बसलेले असतात, काकूंच्या नाही.

५. आम्हाला अभिनय येत नाही. चालेल?

चालेल. सराईत नट उलट त्रास देतात, त्यांना प्रवेश जिंकायचा असतो. सुरुवातीला खेळ घ्या. आमचा आवडता खेळ तळहाताचा: दोघांची जोडी, एकाचा तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. तळहात जाईल तसा चेहरा जायचा, अंतर कमी-जास्त होऊ द्यायचं नाही. तीन मिनिटांनी अदलाबदल. मुख्याध्यापकांचा चेहरा शिपाईदादांच्या तळहातामागे जमिनीपर्यंत वाकलेला एकदा पाहिला की बोलायला पुष्कळ काही निघतं. मात्र वाकता न येणाऱ्यांसाठी हाच खेळ बसून घ्या.

६. किती माणसं, किती वेळ, किती खर्च?

नट चार-पाच. प्रेक्षक पन्नासच्या आत असले तर उत्तम, शंभरापुढे लोक उठायला लाजतात. तयारीला चार-पाच दिवस, दर दिवशी दोन-तीन तास. खेळ दीड तासाचा. सामान म्हणजे दोन खुर्च्या, एक ओढणी, चहाचे कप. माईक शक्यतो नको. खर्च येतो तो जाण्यायेण्याचा, जेवणाचा आणि गरज असेल तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा. दुभाष्याचे पैसे आधी बाजूला काढा. बजेट कमी पडलं की पहिली कात्री तिथेच लागते.

७. अपंगत्वावर कार्यक्रम आहे. मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून चालायला लावलं तर सहानुभूती वाढेल ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि आमचं उत्तर ‘करू नका’ असंच असतं. पट्टी बांधलेल्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं ते एवढंच, की अचानक दिसेनासं झालं तर भीती वाटते. जन्मापासून किंवा वर्षानुवर्षं दिसत नसलेला माणूस त्या भीतीत जगत नसतो. तो पांढरी काठी वापरतो, आवाजावरून खोलीचा अंदाज घेतो, फोन ऐकून चालवतो. पट्टी सोडल्यावर मुलं म्हणतात, ‘बापरे, बिचारे कसे जगत असतील!’ म्हणजे कीव वाढली आणि बरोबरीचं नातं आणखी लांब गेलं. मानसशास्त्राच्या अभ्यासांतही अशा प्रयोगांनी हेच होताना दिसलं आहे.

त्याऐवजी दिसत नसलेल्या कुणाला तरी बरोबर घेऊन प्रवेश तयार करा. आमच्या अशा एका प्रवेशात अंध तरुणाला कुणीतरी दंडाला धरून रस्ता ओलांडून देतं. त्याला रस्ता ओलांडायचाच नसतो, तो बसची वाट बघत असतो. ही कल्पना आमच्या अंध सहकाऱ्याची. आम्हा डोळसांना ती सात जन्मांत सुचली नसती. नटांना दिसायलाच हवं असंही नाही: स्वागत थोरात यांनी मराठीत ‘अपूर्व मेघदूत’ केलं, त्यातले कलाकार अंध होते.

८. प्रेक्षकांत न दिसणारे, न ऐकू येणारे किंवा चाकाच्या खुर्चीवरचे लोक असतील तर काय तयारी करायची?

आधी विचारा. ‘आमच्याकडे तसं कुणी येत नाही’ असं आयोजक म्हणतात, पण जिथे चौदा पायऱ्या चढून जावं लागतं तिथे ‘तसं कुणी’ येणार तरी कसं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतले बरेचसे बघून कळतही नाहीत.

आम्ही मंचावर खेळ करतच नाही. सतरंजी टाकून जमिनीवर करतो, म्हणजे उठून येणाऱ्याला पायरी लागत नाही. न दिसणाऱ्यांसाठी सुरुवातीला प्रत्येक नट आपल्या पात्राच्या आवाजात नाव सांगतो आणि खुर्च्या कुठे आहेत ते चालून सांगतो. ज्यांना हवं त्यांना वस्तू हाताळू देतो. न ऐकू येणाऱ्यांसाठी दुभाषी नटांच्या शेजारी, उजेडात उभा असतो. त्याला कोपऱ्यात उभं केलं तर प्रेक्षकाला मान सारखी फिरवावी लागते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. म्हणून दुभाष्याला प्रवेश दोन दिवस आधी दाखवा.

‘थांबा’ ओरडण्याचा नियमही आम्हाला बदलावा लागला. एका खेळात एक कर्णबधिर मुलगी तीनदा उठायला बघत होती आणि आम्हाला कळलंच नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या हाताशी लाल रुमाल असतो. थांबवायचं असेल तर तो फडकवायचा, ऐकू येणाऱ्यांनीही. एक अनपेक्षित फायदा झाला: ओरडायला संकोचणाऱ्या बायका रुमाल बिनधास्त फडकवतात.

९. ‘दिव्यांग’ म्हणायचं की ‘अपंग’?

सरकारी शब्द दिव्यांग. कार्यकर्त्यांपैकी अनेकांना त्यातलं ‘दिव्य’ खटकतं. समोरच्याला काय आवडतं ते विचारा आणि तेच म्हणा. नाव माहीत असेल तर नावाने हाक मारा.

१०. अन्याय करणाऱ्या पात्राची जागा घेऊन त्याला सुधारलं तर?

सर्वसाधारणपणे नाही. काकूंच्या जागी जाऊन ‘ये बाळा, खोली तुझीच’ म्हणणं सोपं आहे, पण खऱ्या काकू तसं म्हणत नाहीत म्हणून तर प्रवेश केला. बोआलच्या परंपरेत अशा उपायाला ‘जादू’ म्हणतात. जोकर प्रेक्षकांनाच विचारतो, ‘ही जादू आहे का?’ आणि लोक फार प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. मूकपणे बघणाऱ्या पात्राची, म्हणजे एजंटसारख्याची, जागा मात्र आम्ही घेऊ देतो.

११. मनीषाच्या जागी तथाकथित वरच्या जातीतला मुलगा उठून आला तर? त्याला तो अनुभव नाही.

अवघड प्रश्न. आमच्या गटातही यावर एकमत नाही. माझं मत असं: येऊ द्यावं, पण त्याने मनीषा ‘वठवायची’ नाही. बोली बदलायची नाही, आवाज काढायचा नाही, खांदे पाडायचे नाहीत. तो स्वतःच्या आवाजात ती कृती करून बघेल. नंतर जोकरने पहिला प्रश्न त्याला न विचारता सभेला विचारावा, ‘खऱ्या मनीषाला हे करता येईल?’ एकदा असाच एक मुलगा काकूंवर जोरात चढला आणि रुबाबात बाहेर पडला. मागून एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘तुला परवडेल रे. मला त्याच गल्लीत दुसरी खोली शोधायची आहे.’ तो खाली बसला. त्या दिवशी त्याला मिळालेलं शिक्षण आमच्या कुठल्याही भाषणाने मिळालं नसतं.

पण ज्यांच्यावर ही वेळ येते ते सभेत असतील तर पहिली संधी त्यांची. आणि कुणाच्याही जातीचा उच्चार करून ‘तुम्ही सांगा ना तुमचा अनुभव’ म्हणायचं नाही. तो कार्यक्रमाच्या नावाखाली केलेला दुसरा अपमान असतो.

१२. कुणीच उठलं नाही तर?

थांबा. मनात वीस आकडे मोजा. नवा जोकर सातव्या आकड्याला घाबरून भाषण सुरू करतो. तरीही कुणी उठलं नाही तर शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा. त्या कुजबुजीतून कुणी ना कुणी निघतंच. एका गावात खरोखर कुणीच उठलं नव्हतं. नंतर कळलं की ज्यांच्या वागण्यावर प्रवेश होता ते गृहस्थ पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसले होते. चूक आमची. आता पाहुण्यांच्या खुर्च्या मांडू देत नाही.

१३. कुणी चिडवणारं किंवा जातीवाचक बोललं तर? कुणी रडलं तर?

दोन्ही वेळा खेळ थांबतो, पण वेगवेगळ्या कारणांनी. अपमानकारक शब्द आला तर जोकरने हसून सोडून द्यायचं नाही. ‘हा शब्द इथे चालणार नाही’ असं एका वाक्यात सांगून पुढे जायचं. त्या माणसाशी वाद घालत बसलो की सगळी सभा त्याची होते.

रडण्याचं वेगळं. पाणी द्या, बाहेर बसायला जागा आणि बरोबर बसणारं एक माणूस आधीच ठरवून ठेवा. रडणाऱ्याला सगळ्यांपुढे बोलावून ‘मोकळं व्हा’ म्हणू नका. फोरम नाटक म्हणजे उपचार नव्हेत. म्हणूनच प्रवेश कुणा एकाच्या आयुष्यातून जसाच्या तसा उचलायचा नाही, तीन-चार जणांचे अनुभव मिसळायचे, नावं बदलायची. लहान मुलांबरोबर काम करताना याची दुप्पट काळजी घ्या. त्यांच्या बाबतीत ‘डबा वाटून खाणं’ किंवा ‘खेळात न घेणं’ असे विषय पुरतात.

१४. हे एकतर्फी नाही का? दुसरी बाजू कुठे आहे?

भांडण दोन सारख्या ताकदीच्या माणसांत असेल तर फोरम नाटक चुकीचं साधन आहे, तिथे मध्यस्थ बसवा. इथे एकाकडे किल्ली आहे आणि दुसरी दारात उभी आहे. काकूंनाही कारणं असतात: नवऱ्याचा धाक, शेजाऱ्यांची बोलणी. ती प्रवेशात यायलाच हवीत, नाहीतर काकू राक्षसीण होतात आणि कुणालाच आपली ओळख पटत नाही. पण कारण समजलं म्हणून दार उघडत नाही.

१५. परवानगी लागते का?

महाराष्ट्रात सार्वजनिक नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. फोरम नाटकाची पंचाईत अशी की अर्धा खेळ प्रेक्षक लिहितात. आम्ही मूळ प्रवेशाची लिखित प्रत कायम जवळ ठेवतो. शाळेत मुख्याध्यापकांचं पत्र घेतो. चौकात किंवा मैदानात करायचं असेल तर पोलीस ठाण्यात आधी चौकशी करतो.

१६. याने खरंच काही बदलतं का?

एका खेळाने? फारसं नाही. बोआल १९९३ ते १९९६ रिओ द जानेरोचा नगरसेवक होता. त्याने वस्त्यावस्त्यांतून फोरम नाटकं केली, लोकांनी सुचवलेल्या उपायांतून कायद्यांचे मसुदे केले आणि त्यांतले १३ मंजूर झाले. पण त्याच्या हातात पद होतं आणि नाटकाला येणाऱ्यांशी रोजचा संबंध होता. आपण वर्षातून एकदा, महिला दिनाला किंवा अपंग दिनाला, खेळ करतो आणि फोटो काढतो. आमच्या अनुभवात फरक दिसला तो जिथे त्याच लोकांबरोबर वर्षभर काम केलं तिथे. एका वसतिगृहात पाण्याच्या टाकीजवळ कुणी आधी उभं राहायचं याचा न बोललेला क्रम होता. पाचव्या खेळानंतर मुलींनी तो स्वतः मोडला. आम्ही टाकीवर प्रवेश केलाच नव्हता, आमचा विषय जेवणाच्या रांगेचा होता.

१७. हा प्रवेश आमच्या एकांकिका स्पर्धेत बसवून द्याल का?

नाही हो. स्पर्धेत वेळ संपल्याची घंटा वाजते, आणि आमचा खेळ तर पहिली फेरी संपल्यावर सुरू होतो. शिवाय परीक्षकांनी रुमाल फडकवला तर गुण कुणाला द्यायचे?